पाय मोडायची कळ

लॅपटॉपवरची डी ही कळ निकामी झाली आणि माझ्या मराठीतली जोडाक्षरं सुटी पडली. इन्स्क्रिप्टवर टाइप करणाऱ्याला हे दुखणं लगेच समजेल. इंग्रजीत जिथे डी असतो, तिथे इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजनाचा पाय मोडायची खूण असते. ती उमटेनाशी झाली की 'जिल्हाधिकारी'चा 'जिलहाधिकारी' होतो, 'उच्च न्यायालय' 'उचच नयायालय' होतं, आणि 'हक्क' नुसता 'हकक' उरतो. मी वकिलांचे दावे, खरेदीखतं, अधूनमधून एखादं पुस्तक टाइप करून देते. पोट त्यावर आहे. शनिवारी रात्री एका दाव्याची सतरा पानं बाकी होती. ती कळ आधी दोनदा दाबावी लागली, मग जोर लावून दाबावी लागली, आणि मग काही केल्या उमटेचना.

रविवारी सकाळी सावेडीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता. एका बाजूला माझे धाकटे दीर. त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या बाजूला सासरे, नाना. त्यांनी श्रीरामपुरात तीसेक वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. त्या दिवशी दोघांत जो वाद झाला, तो मी इथे शक्य तेवढा जसाच्या तसा उतरवते आहे. कारण तो वाद माझ्या बोटांबद्दल होता.

"वहिनी, पॅनलच बदलावं लागणार," भाऊजी म्हणाले.

"एका कळीसाठी?" नानांनी चष्मा वर केला.

"एका कळीसाठी. याला कीबोर्डचे स्क्रू नसतात, नाना. वरच्या पॅनलला प्लास्टिकचे खिळे वितळवून कीबोर्ड पक्का केलेला असतो. चाळीस-पन्नास ठिकाणी. ते सगळे तोडून नवा कीबोर्ड बसवला तरी पहिल्यासारखा बसत नाही. म्हणून लोक सगळं वरचं पॅनलच मागवतात. त्यात हे मॉडेल सहा वर्षांचं. मिळालं तर मिळालं."

बोलता बोलता त्यांनी प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं डीची टोपी अलगद उचकटली. टोपीवरचा डी जवळजवळ पुसला गेला होता, नुसती एक उभी रेघ उरली होती. टोपीखाली दोन पांढऱ्या चौकटी एकमेकींत कात्रीसारख्या अडकवलेल्या. टोपी वाकडी न होता सरळ खाली जावी एवढंच त्यांचं काम. मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी रबराची उपडी वाटी. तिच्याखाली पारदर्शक पापुद्र्यांचे तीन थर. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या बारीक रेघा, मधल्याला भोकं. वाटी दबली की वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. आमच्या वाटीची एक कड फाटली होती. ती एका बाजूला कलंडून बसे, त्यामुळे दाब नेमका मधे पडतच नव्हता. चौकटीच्या कोपऱ्यांत आपल्या नगरची ती पिवळट बारीक धूळ होतीच.

नानांनी ती वाटी करंगळीच्या टोकावर घेतली आणि बराच वेळ पाहिली. "म्हणजे तुमची सगळी मराठी एवढ्याशा रबरावर उभी आहे," ते म्हणाले.

"सगळ्या जगाची आहे, नाना."

"आमची नव्हती."

इथून खरा वाद सुरू झाला.

नानांचं म्हणणं मांडायचं तर आधी त्यांचं मशीन डोळ्यांसमोर आणायला हवं. इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजीला रेमिंग्टन होती, मराठीला गोदरेज. गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय टंकलेखक बाजारात आणला. त्यांचं उत्पादन थांबलं २००९ साली, तेही सातारा जिल्ह्यात, शिरवळच्या कारखान्यात. नाना मुलांना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगत: कळ दाबायची नसते, मारायची असते. टंकलेखकाची कळ म्हणजे तरफेचं टोक. तिला बोटानं झटका दिला की पलीकडचा टाइप बार उसळून रिबिनीवर आदळतो. शेवटचा टप्पा तो आपल्याच वेगानं जातो, बोटानं तळापर्यंत त्याची सोबत करायची नसते. बोट अर्ध्या वाटेवरून मागे येतं आणि पुढच्या अक्षराला मोकळं होतं. जो तळापर्यंत दाबत बसतो, त्याचे दोन बार एकमेकांत अडकतात, आणि त्याचा स्पीडही तिसाच्या पुढे सरकत नाही.

"कळीनं बोटाला मधेच सांगितलं पाहिजे, की झालं, परत फीर," नाना म्हणाले. "या रबराच्या वाटीला ते सांगताच येत नाही. ती कोसळते आणि थेट फरशीवर आपटते. अक्षर उमटतं ते फरशीवर. म्हणजे दर अक्षराला बोट फरशीवर आपटायचं. दिवसभर. मग सूनबाईच्या मनगटात रात्री कळ येते, त्याचं नवल काय?"

ते खरं होतं. गेली दोन वर्षं रात्री डाव्या मनगटाला गरम पाण्याची पिशवी लावल्याशिवाय मला झोप येत नाही. मी ते कधी लॅपटॉपशी जोडलं नव्हतं. वय, घरकाम, थंडी असं काहीबाही धरून चालले होते.

"नाना, बसायची पद्धत चुकते, टेबल उंच असतं, मधे कोणी उठत नाही. सगळं कळीवर का ढकलता?" भाऊजी म्हणाले. "आणि तुमच्या गोदरेजला कळ केवढी खोल होती! वजन केवढं होतं! पोरींची करंगळी सुजायची, हे तुम्हीच सांगता."

"सुजायची. पहिले दोन महिने. मग बोट तयार व्हायचं."

"आता दोन महिने बोट सुजवून घ्यायला कोणी तयार नाही."

महिन्याभरापूर्वीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण दोघांच्याही बोलण्यात ती सारखी येत होती. भाऊजींच्या दुकानात एका मुलाचा खेळासाठीचा लॅपटॉप आतली सफाई करायला आला होता. एलियनवेअरचा एम-१५ आर-४, २०२१ सालचा. त्याच्या कीबोर्डला रबराच्या वाट्या नव्हत्या. जर्मनीच्या चेरी कंपनीचे खरे यांत्रिक स्वीच होते, लॅपटॉपसाठी मुद्दाम बसके केलेले. चेरीचा नेहमीचा एमएक्स स्वीच साडेअठरा मिलिमीटर उंचीचा. २०१८ मध्ये त्यांनी तो ११.९ पर्यंत खाली आणला. पण लॅपटॉपच्या पोटात तोही मावत नाही. २०२१ च्या त्या मॉडेलसाठी त्यांनी जो काढला, तो अवघा साडेतीन मिलिमीटरचा. आत स्टीलच्या पातळ पात्या, समुद्रपक्ष्यानं पंख मिटावेत-उघडावेत तशा. कळ एकूण खाली जाते १.८ मिलिमीटर, पण अक्षर उमटतं ०.८ वरच. म्हणजे निम्म्या वाटेच्याही आधी, आणि नेमकं तिथे बोटाला एक छोटा टप्पा लागतो.

नाना त्या दिवशी सहज दुकानात गेले होते. भाऊजींनी त्यांना त्या लॅपटॉपवर बसवलं. नानांनी डोळे मिटले आणि इंग्रजीचा जुना पाठ असलेला एक पॅसेज टाइप केला. मग थांबले, आणि उजव्या हाताची चारही बोटं एकेक करून कळांवर नुसती टेकवत राहिले. घरी आल्यावर मला म्हणाले होते, "सूनबाई, आज पंधरा वर्षांनी कळीनं मला उत्तर दिलं."

"ते उत्तर काही लाखांचं होतं, नाना," भाऊजी आता म्हणाले. "तेवढ्यासाठी एवढा महागडा, अडीच किलोचा लॅपटॉप? माझ्याकडे शेवगावहून, पाथर्डीहून, पारनेरहून पोरं येतात. बापानं कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला काढलेले असतात. पंधरा-अठरा हजारांचा वापरलेला लॅपटॉप घेतात. त्यावर फॉर्म भरतात, अभ्यास करतात, टायपिंगची परीक्षा देतात. त्यांना मी सांगू, की अरे, तुझ्या कळीला टप्पा लागत नाही? आणि हेही ऐका. ती १.८ मिलिमीटर खोली तुम्हाला फार वाटली ना? चांगल्या ऑफिसच्या लॅपटॉपांना रबराच्या वाटीवरही दीड ते १.८ मिळत होती. म्हणजे खोलीच्या नावानं तुम्ही लाख रुपये मोजता, आणि खोली तीच."

"खोलीचा प्रश्नच नाही," नाना म्हणाले. "विहीर किती खोल हे महत्त्वाचं नाही, पाणी किती हातांवर लागतं ते महत्त्वाचं."

भाऊजी थोडे थांबले. मला वाटतं, तिथे नाना बरोबर होते, आणि भाऊजींना तेही कळलं. दोन कळा सारख्याच खोल असू शकतात. एकीत अक्षर मधेच उमटतं, दुसरीत तळाला. बोटाला दिवसभर जो फरक पडतो तो या मधल्या एका मिलिमीटरचा असतो. जाहिरातीत कळीची खोली लिहितात, फार तर कळ किती कोटी वेळा दाबता येईल तेही. अक्षर नेमकं कुठे उमटतं, हे साध्या लॅपटॉपच्या खोक्यावर मी तरी कधी वाचलेलं नाही.

आणि इथे मला माझ्या भाषेचं एक गाऱ्हाणं मधे घालायचं आहे, कारण दोघंही ज्या कळीबद्दल बोलत होते ती कोणत्या भाषेची कळ आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

मी कागद घेतला आणि त्यावर लिहिलं: अहिल्यानगर जिल्हा न्यायालय. दर दाव्याच्या माथ्यावर मला हे लिहावं लागतं. इन्स्क्रिप्टवर हे तीन शब्द चोवीस कळांत होतात. त्यांतल्या किती कळा डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आहेत, ते मी मोजून दाखवलं. पाय मोडायची खूण त्या बोटाकडे, काना त्याच बोटाकडे, शिफ्टबरोबरचा 'अ' त्याच बोटाकडे. चोवीसपैकी आठ. एक तृतीयांश काम दहातलं एक बोट करतं. 'म' आणि शिफ्टबरोबरचा 'ण' हेही त्याच बोटाचे. या तीन शब्दांत ते आले नाहीत एवढंच. 'स्वातंत्र्य' हा एक शब्द लिहायला अकरा कळा लागतात आणि त्यात तीनदा पाय मोडावा लागतो. जुनं 'अहमदनगर' सात कळांत व्हायचं. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, ते याच जिल्ह्यात चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांमुळे, आणि नव्या नावाला दहा कळा लागतात. त्या मी आनंदानं मारते. पण वाढलेल्या तिन्हींतली एक पुन्हा त्याच बोटावर पडली.

नाना कागदाकडे पाहत राहिले. "आमच्या मशिनवर असं नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र कळा होत्या. अर्धा 'प' मारला, काना मारला, की पुरा 'प'. पाय मोडायची वेळ क्वचित यायची. वेलांटी मात्र अक्षराच्या आधी मारायला लागायची. उच्चाराच्या उलटं. तुमचं इन्स्क्रिप्ट उच्चाराप्रमाणे चालतं, हे शहाणपणाचं आहे. पण ओझं एका बोटावर आलं."

"आणि त्या बोटाखाली हे रबर," मी म्हटलं.

नानांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात हिशेब मांडला. मिनिटाला दीडशे कळा. तासाला नऊ हजार. दिवसाचे पाच तास धरले तर पंचेचाळीस हजार. वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे एक कोटी पस्तीस लाख. दर पंधरा कळांमागे एकदा पाय मोडला असं धरलं, तरी वर्षाला नऊ लाख वेळा ही एक कळ. सहा वर्षांत चोपन्न लाख. अगदी ढोबळ हिशेब, पण फाटलेल्या वाटीचं वय त्यात बसत होतं.

"त्या चेरीच्या बसक्या स्वीचचं आयुष्य काय लिहिलं होतं रे?"

"दीड कोटी," भाऊजी म्हणाले. "एकेका कळीचं."

"म्हणजे हिच्या हाताखाली सोळा वर्षं."

"नाना, सोळा वर्षं लॅपटॉप चालत नाही. त्याआधी बॅटरी जाते, बिजागरी मोडते, बोर्ड जातो. कळ शंभर वर्षं टिकून उपयोग काय? मला विचाराल तर चोपन्न लाख वेळा दबून मग फाटलं, हे त्या रबराचं कौतुकच आहे. त्याची किंमत रुपयाभरही नसेल."

"रुपयाभरही नाही ना? मग ते बदलून दे."

भाऊजी काही बोलले नाहीत. नुसता एक पेचकस उचलून परत ठेवला.

चहा झाला. मधे भाऊजींनी बाहेरच्या जगाच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या त्यांनी प्रामाणिकपणे सांगितल्या, स्वतःची बाजू लंगडी पडेल अशाही. २०१५ साली एमएसआय कंपनीनं लॅपटॉपमध्ये पूर्ण उंचीचे चेरी स्वीच बसवले होते, जीटी-८० टायटनमध्ये. कीबोर्ड सगळ्यात पुढे आणावा लागला, यंत्र साडेचार किलोचं झालं. नंतर एसरनं एकवीस इंची पडद्याचा एक केला, तो आठ किलोंच्याही वर. मांडीवर घ्यायचं यंत्र ते, दोन्ही हातांनी उचलायची वेळ आली. त्याच २०१५ मध्ये ॲपलनं उलटं टोक गाठलं. लॅपटॉप पातळ करायचा म्हणून कात्रीऐवजी फुलपाखरासारख्या उघडणाऱ्या चौकटीची कळ आणली. ती इतकी बसकी होती की धुळीचा एक कण आत गेला तरी कळ अडे, किंवा एकाऐवजी दोन अक्षरं उमटत. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९ च्या शेवटी ते पुन्हा कात्रीवर आले, आणि अमेरिकेतल्या दाव्यात २०२२ साली पाच कोटी डॉलर देण्याची तडजोड करावी लागली.

"बघ," नाना म्हणाले. "पातळपणाच्या नादात कळ मेली."

"हो. पण त्यातून कात्री आणि रबराची वाटी परत आली, नाना. यांत्रिक स्वीच नाही. कारण धूळ. आपण पर्जन्यछायेत राहतो. मार्चपासून जूनपर्यंत या जिल्ह्यात खिडकी उघडली की टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. कारखान्यांच्या भागात गळीत हंगामात काजळी पडते ती वेगळीच. रबराची वाटी निदान खालचा पापुद्रा झाकून तरी ठेवते. पात्यांच्या त्या नाजूक यंत्रात धूळ गेली की काय होतं, हे मला दहा वर्षं पाहू दे, मग मी वहिनींना घ्या म्हणेन. कंपनी म्हणते संपर्काचं टोक घासून आपोआप साफ होतं. होत असेल. जर्मनीतल्या खोलीत."

हा मुद्दा भक्कम होता आणि नानांकडे त्याला उत्तर नव्हतं. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्येही रोज संध्याकाळी मशिनींवर रेक्झिनची झाकणं चढत.

मग भाऊजींनी त्यांच्या मते शेवटचा मुद्दा काढला. "नाना, एवढं कशाला? याच शहरात, भुईकोट किल्ल्यात, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. १९४२ ते ४५, कैदेत, हातानं. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं तिथेच लिहिली. आणि पुढे साठ किलोमीटरवर नेवासं. तिथे शके १२१२ मध्ये माउली सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. नऊ हजार ओव्या. त्यांनी विचारलं का, की कळ किती मिलिमीटरवर लागते? लिहिणारा कशानंही लिहितो."

मी पटकन काही बोलणार होते, पण नानांनी हात वर केला. त्यांना राग आला नव्हता. ते विचार करत होते, आणि त्यांचा विचार करणं म्हणजे उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर मधल्या ओळीच्या जागी ठेवणं.

"सच्चिदानंदबाबांकडे बोरू असणार," ते म्हणाले. "मी शाळेत बोरूनं लिहिलंय. तू नाही लिहिलंस. बोरूचं टोक झिजतं. रोज झिजतं. अक्षर जाड यायला लागलं की लिहिणारा थांबतो, चाकू घेतो, टोक तासतो, मधे चीर देतो, आपल्या हाताच्या तिरकसपणाला जुळेल असा छेद देतो, आणि पुन्हा लिहायला लागतो. नऊ हजार ओव्यांत टोक कितीदा काढलं असेल, सांग. लिहिणारा कशानंही लिहितो हे खरं नाही. लिहिणारा अशा वस्तूनं लिहितो जी त्याला स्वतःला नीट करता येते. आमचं मशीन तसंच होतं. बार चिकटला की जुना टूथब्रश आणि थोडं पेट्रोल. स्प्रिंग सैल झाली की आकडा एक घर पुढे. टाइप झिजला तर तेवढा एक टाइप डाग देऊन नवा. पोरीसुद्धा करायच्या. एका कळीसाठी सगळं मशीन फेका, असं मला कोणी म्हटलं नाही."

टेबलावर काही क्षण शांतता होती.

"आणि तुझा तो चेरीचा स्वीच," नाना पुढे म्हणाले, "तो तरी काढून बदलता येतो का?"

"बोर्डाला डाग दिलेला असतो," भाऊजी म्हणाले. "बारीक काम आहे. पण गरम हवेची गन असेल तर एकच काढता येतो, एकच लावता येतो. सुटा स्वीच मिळाला तर." थोडं थांबून ते म्हणाले, "खरं सांगू का, वेगळा कीबोर्ड घ्यायचा झाला तर त्यात आता बसके स्वीच येतात, तीन मिलिमीटर खोलीचे. काहींचे तर चिमट्यानं उपटून बदलता येतात, डागसुद्धा नाही. चार-पाच हजारांत होतं. वहिनींनी घरी तो वापरावा, लॅपटॉप बाजूला ठेवावा. माझं मत विचाराल तर हेच."

"आणि कोर्टात?" मी विचारलं. "वकिलांच्या टेबलावर वीतभर जागा असते. पक्षकार शेजारी उभा राहून सांगतो आणि मी तिथल्या तिथे टाइप करते. तिथे मी दोन कीबोर्ड मांडू?"

"तेवढ्यापुरतं चालवून घ्यायचं."

"माझं निम्मं काम तेवढ्यापुरतंच असतं, भाऊजी."

मला जे म्हणायचं होतं ते मी तेव्हाच म्हटलं, आणि इथेही तेच म्हणते. लॅपटॉप ज्यांच्यासाठी घडवतात त्यांत टाइप करून पोट भरणारा माणूस कुठेच दिसत नाही, आणि मराठीत टाइप करणारा तर मुळीच नाही. बसका यांत्रिक स्वीच आला तो खेळणाऱ्या मुलांसाठी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यामुळे निदान आला तरी. पण लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र मागतात, पुण्याची परीक्षा परिषद दरवर्षी त्याच्या परीक्षा घेते, तालुक्या-तालुक्यांत मुलं-मुली त्यासाठी तास लावतात, आणि या सगळ्यांच्या बोटांखाली काय असावं हा प्रश्न कोणी विचारत नाही. भाऊजी किमतीचं बोलतात ते मला पटतं. धुळीचंही पटतं. पण कळीनं मधेच सांगावं, आणि बिघडली तर ती एकटी बदलता यावी, एवढी मागणी चैनीची आहे असं मी मानत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला सुई बदलायला अख्खं मशीन बदला म्हटलं, तर ती दुकानदाराला काय म्हणेल? तेच मी म्हणते आहे.

भाऊजी उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी खिडकीशी जाऊन पडदा सरकवला, पिशवीतून भिंग काढलं, ते डोळ्याला लावलं आणि परत येऊन बसले.

"वहिनी, मराठीत नुक्ता किती लागतो?"

"जवळजवळ नाहीच. हिंदी, उर्दूला लागतो."

"तो कंसाच्या कळीवर असतो ना? चौकोनी, बंद होणारा?"

"हो."

त्यांनी नुक्त्याची टोपी उचकटली. खालची वाटी धडधाकट होती. सहा वर्षांत तिला कोणी हातही लावला नव्हता. ब्लेडच्या टोकानं त्यांनी ती मुळापासून अलगद सोडवली, पापुद्र्याला ओरखडा न उठू देता. डीच्या जागेवरचा जुना गोंद कापसाच्या काडीनं, स्पिरिट लावून काढला. चौकटीतली धूळ ब्रशनं झाडली. सुईच्या टोकावर गोंदाचा एवढासा थेंब घेऊन वाटीच्या कडेला चारच ठिपके दिले, मधे एकही जाऊ नये म्हणून श्वास रोखून. वाटी बसवली. कात्री अडकवली. टोपी दाबली, तर दोन्ही बाजूंनी टक् टक् झालं.

"अर्धा तास हात लावू नका. दुकानात मी हे करत नाही," ते म्हणाले. "वेळ जातो, गिऱ्हाईक तेवढे पैसे देत नाही, आणि उद्या निघालं तर माझ्या नावानं बोंब."

"किती दिवस चालेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. रबर तेवढंच जुनं आहे, फक्त वापरलेलं नाही."

नाना अर्धा तास घड्याळ बघत बसले. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. इन्स्क्रिप्ट त्यांना येत नाही. मी कळा सांगत गेले आणि ते एका बोटानं मारत गेले: स, पाय मोडा, व, काना, त, अनुस्वार, त, पाय मोडा, र, पाय मोडा, य. शब्द पडद्यावर जोडून उमटला. त्यांनी तो खोडला, डाव्या हाताचं मधलं बोट डीवर ठेवलं आणि नुसती ती एक कळ सावकाश, कान लावून, पाच-सहा वेळा खालपर्यंत दाबून पाहिली.

"फरशीवरच आपटतंय," ते म्हणाले, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "सतरा पानं ना? मी वाचून दाखवतो, तू टाइप कर. दर दोन पानांनी थांबायचं."